अमेरिकेतल्या गाड्यांचे मागचे इंडिकेटर लाल का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ डॅलसला मुलाकडे राहून आले आहेत. तिथल्या बऱ्याच गाड्यांचे मागचे इंडिकेटर लाल लुकलुकताना त्यांनी पाहिले. आपल्याकडे आणि युरोपात ते नारिंगी-पिवळे असतात, आमच्या धंद्यात त्याला अंबर म्हणतात. मग तिथेच लाल का? पैसे वाचवायला? शिवाय हल्ली नव्या गाड्यांचे इंडिकेटर खाली बंपरात का जाऊन बसलेत, आणि मुलाने पाठवलेला अमेरिकी टेल लॅम्पचा सेट इथल्या गाडीला लावला तर चालेल का, असे आणखी दोन प्रश्न त्यांनी जोडलेत. मी पुण्यात टेल लॅम्पच्या डिझाइनमध्येच नोकरी काढली. एकाच गाडीचा मागचा दिवा अमेरिकेसाठी एक आणि बाकी जगासाठी दुसरा, असा दोनदा करायचं काम बरंच केलंय. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

कायद्यापुरतं उत्तर छोटं आहे. अमेरिकेतल्या केंद्रीय वाहन सुरक्षा नियमांपैकी १०८ क्रमांकाचा नियम दिव्यांचा. त्यात मागचा इंडिकेटर लाल किंवा अंबर, कुठलाही चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतले जे नियम युरोप पाळतो, त्यांतला नियम क्रमांक ६ फक्त अंबरला परवानगी देतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०२ सुद्धा अंबरच मागतो, आणि तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे असंही सांगतो. आपली भारतीय मानकं बहुतांशी संयुक्त राष्ट्रांच्या नियमांच्या वळणाची आहेत, त्यामुळे कोथरूडच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत दिवा तपासायला गेला की लाल इंडिकेटर हा विषयच निघत नाही.

अमेरिकेत लाल कसा टिकला, हे समजायला जुन्या गाडीची वायरिंग बघावी लागते. मागे प्रत्येक बाजूला एकच बल्ब, आत दोन फिलामेंट. तिकडचा ११५७ नंबरचा बल्ब. आपल्याकडच्या २१/५ वॉटच्या बल्बचा तो भाऊच. ५ वॉटचं बारीक फिलामेंट रात्रभर टेल लॅम्प म्हणून जळतं. २१ वॉटचं जाड फिलामेंट ब्रेक मारला की पेटतं. आता इंडिकेटर हवा असेल तर नवा बल्ब, नवा होल्डर, लेन्सचा नवा रंग आणि मागपर्यंत नवी वायर टाकायची, की हेच जाड फिलामेंट लुकलुकवायचं? अमेरिकी कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. ब्रेकची वायर सरळ मागे न नेता स्टिअरिंगवरच्या इंडिकेटर स्विचमधून फिरवली. उजवीकडे दांडी वळवली की स्विच उजव्या बल्बची ब्रेकची लाइन तोडतो आणि तिथे फ्लॅशरची, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या डबीची, लाइन जोडतो. डावा बल्ब ब्रेकवर तसाच राहतो. म्हणजे ब्रेक दाबून वळताना एक लाल दिवा स्थिर आणि दुसरा लाल दिवा लुकलुकता.

इंजिनिअर म्हणून मला ही जोडणी आवडते, लपवत नाही. दोन वायरमध्ये तीन कामं. गाडीचं मागचं भिंग अख्खं लाल, एका रंगात ओतलेलं, साचा सोपा. तिकडच्या छोट्या ट्रेलरचा चार पिनांचा चपटा कनेक्टर आजही याच हिशेबावर चालतो: तपकिरी वायर टेल लॅम्पची, पिवळी डाव्या बाजूच्या ब्रेक-इंडिकेटरची, हिरवी उजव्या बाजूच्या ब्रेक-इंडिकेटरची आणि पांढरी अर्थिंगची. ज्या गाडीला मागे वेगळा अंबर इंडिकेटर आहे, तिला असा ट्रेलर जोडायचा तर मध्ये कन्व्हर्टरची डबी लावावी लागते, कारण गाडी तीन वेगळे निरोप पाठवते आणि ट्रेलरला ते दोन वायरमध्येच समजतात.

माझं म्हणणं इथेच सुरू होतं. गाडीच्या मागच्या दिव्याला तीन गोष्टी सांगायच्या असतात: मी इथे आहे, मी वेग कमी करतोय, मी वळतोय. मागच्याने यातली प्रत्येक गोष्ट दुसरीशी न जुळवता, एका नजरेत ओळखली पाहिजे. लाल इंडिकेटर दुसरी आणि तिसरी गोष्ट एकाच आवाजात सांगतो. पूर्ण गाडी समोर दिसत असेल तर चालून जातं, कारण डावा स्थिर आणि उजवा लुकलुकता असा फरक दिसतो. पण गर्दीत पूर्ण गाडी दिसतेच कुठे? शेजारच्या लेनमधल्या ट्रकच्या आडून एकच कोपरा दिसतो. तो लाल कोपरा पेटला, विझला, पुन्हा पेटला. ड्रायव्हर ब्रेकवर पाय टेकवत-उचलत चाललाय की लेन बदलतोय? दुसरी उघडझाप होईपर्यंत कळत नाही, आणि ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. एका बाजूचा बल्ब गेलेला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. काचेतला तिसरा ब्रेक लाइट अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलच्या कारपासून सक्तीचा झाला, तेव्हा यातली बरीच अडचण सुटली. वरचा स्थिर पेटला तर ब्रेक, नसेल तर वळण. त्याआधीची लाल इंडिकेटरवाली वर्षं मात्र फारच अंदाजपंचे होती.

मजेची गोष्ट म्हणजे पुढच्या इंडिकेटरच्या बाबतीत अमेरिकेने हाच विचार वेळेवर केला होता. तिथे पुढचे इंडिकेटर आधी पांढरे असत, हेडलॅम्पच्या शेजारी आणि क्रोमच्या चकाकीत ते हरवून जात. १९६३ च्या मॉडेलपासून ते अंबर झाले. मागे हात लावला नाही.

आता अंबरने खरंच फरक पडतो का. हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण लाल इंडिकेटरच्या गाड्या आणि अंबर इंडिकेटरच्या गाड्या घेणारे लोकच वेगळे असू शकतात. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर चांगली युक्ती केली होती. जी मॉडेल्स एखाद्या वर्षी लालवरून अंबरवर किंवा अंबरवरून लालवर गेली, तेवढीच घेतली आणि बदलाच्या आधीचे व नंतरचे अपघात ताडून पाहिले. गाडी तीच, गिऱ्हाईक साधारण तेच, बदललाय तो इंडिकेटरचा रंग. निष्कर्ष निघाला ५.३ टक्के. पण हा आकडा सगळ्या अपघातांचा नाही. वळताना, लेन बदलताना, रहदारीत शिरताना किंवा पार्किंगमधून आत-बाहेर करताना मागून ठोकर बसण्याच्या अपघातांत अंबरवाल्या गाड्या तेवढ्या कमी सापडल्या.

५.३ म्हणजे काहीच नाही, असं गाडीचं रूप ठरवणारे स्टायलिंगवाले मला ऐकवतात. त्यांना मी तिसऱ्या ब्रेक लाइटचं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत १९७० च्या दशकात टॅक्सींवर जादा ब्रेक लाइट लावून प्रयोग झाले, तेव्हा मागून बसणाऱ्या ठोकरी निम्म्याहून कमी झाल्याचे आकडे आले होते. पुढे तो दिवा सगळ्याच गाड्यांना लागला, लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली, आणि दीर्घकाळाचा परिणाम ४.३ टक्क्यांवर येऊन थांबला. तरी तो दिवा काढा असं कोणी म्हणत नाही, कारण दिवा स्वस्त आहे आणि ठोकरी लाखांनी होतात. अंबरला तर बहुतेक वेळा जादा दिवाही लागत नाही. २०१५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने गाड्यांना सुरक्षेचे तारे देताना मागच्या अंबर इंडिकेटरला श्रेय द्यावं असा प्रस्ताव मांडला होता. पण लाल चालेल हे वाक्य नियमात आजही तसंच आहे.

आता तुमच्या ‘पैसे वाचवायला का’ या शंकेकडे येते. अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या गाड्यांपुरतं उत्तर हो. पण युरोपी किंवा जपानी गाडीला घरी अंबर असतो आणि अमेरिकेत पोचताना तो लाल होतो, तेव्हा बऱ्याचदा कारण निराळं असतं. अमेरिकी नियम इंडिकेटर आणि ब्रेक लाइटच्या प्रकाश देणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजतो. साध्या कारसाठी ते किमान ५० चौरस सेंटिमीटर हवं. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात क्षेत्रफळाची अशी अट नाही, तिथे कोनाकोनांतला उजेड मोजतात. शिवाय उजेडाचे आकडेही वेगळे. अमेरिकेत अंबर इंडिकेटरला नेमक्या मधोमध किमान १३० कॅन्डेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक) लागतात आणि लालला ८०. युरोपी हिशेबात मागच्या साध्या इंडिकेटरला ५० कॅन्डेला पुरतात.

आता धरून चाला, युरोपसाठी केलेल्या देखण्या टेल लॅम्पमध्ये अंबरचा कप्पा ३५ चौरस सेंटिमीटरचा आहे. अमेरिकेला तो पास होणार नाही. एक तर कप्पा वाढवा, म्हणजे नवं रिफ्लेक्टर, नवं भिंग, नवे साचे, आणि साच्यांचा खर्च दिव्याच्या इतर कुठल्याही खर्चापेक्षा जड असतो. नाही तर शेजारचा ब्रेकचा लाल भाग, जो आधीच ५० च्या वर आहे, तोच लुकलुकवा. बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे दिवे वगैरे चालवणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकात, प्रोग्रॅमच्या चार ओळी बदलल्या की काम झालं. अशा मीटिंगमध्ये अंबरची बाजू घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकटी असते. अमेरिकी गाड्यांतही फोर्ड मस्टँग अमेरिकेत लाल इंडिकेटरने फिरते आणि तीच युरोपात अंबरने. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल ३ चंही तसंच होतं. युरोपसाठी अंबर बनवायचाच आहे, म्हणजे अंबर महाग म्हणून टाळला हे कारण अशा गाड्यांना लागू पडत नाही. दुसरं कारण सौंदर्याचं. गाडीच्या मागे अख्खी लाल पट्टी हवी असते आणि तिच्यात पांढरं किंवा पिवळं भिंग ठिगळासारखं दिसतं, असं स्टायलिंगवाल्यांचं मत. आता बाहेरचं भिंग रंगहीन ठेवून रंग आत देता येतो, एलईडी विझलेली असताना अंबरचा पत्ताही लागत नाही, तेव्हा ही तक्रार मला फारशी पटत नाही.

रंग बरोबर निवडला की सगळं झालं असंही नाही. बंपरातल्या इंडिकेटरचा रंग अगदी कायदेशीर अंबर असतो, तरी तो मला लाल इंडिकेटरइतकाच खटकतो. तो तिथे का गेला? टेलगेटवर, म्हणजे डिकीच्या दारावर, आडवी, बारीक, अखंड लाल पट्टी हवी असते. अंबर तिच्यात मावत नाही. शिवाय दिवे टेलगेटवर असतील तर दार उघडल्यावर ते आकाशाकडे बघतात, म्हणून नियम म्हणतो की तसं असेल तर न हलणाऱ्या भागावर वेगळे दिवे द्या. ऑडी क्यू७ च्या बंपरात दार उघडल्यावर पेटणारे जादा दिवे असतात ते यासाठीच. शेवरले बोल्टने पुढची पायरी गाठली: टेलगेटवरचा दिवा नुसता टेल लॅम्प, ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही खाली बंपरात. ह्युंदाईच्या कोना आणि आयोनिक ५ मध्ये मागचा इंडिकेटर खालीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात इंडिकेटरची जमिनीपासूनची किमान उंची ३५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड वीत. त्यामुळे हे सगळं नियमात बसतं.

पण रस्त्यावर काय होतं बघा. ढोबळ गणित करू. मागच्या एसयूव्हीतल्या ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर, त्याच्या बॉनेटची पुढची कड डोळ्यापासून दोन मीटर पुढे आणि १.०५ मीटर उंचीवर. त्या कडेवरून जाणारी नजर जमिनीपासून अर्ध्या मीटरवरच्या दिव्यापर्यंत पोचते ती डोळ्यापासून साधारण साडेचार मीटरवर. म्हणजे त्याच्या बंपरापुढे जवळजवळ अडीच मीटर जागा मोकळी असेल तरच तो इंडिकेटर त्याला दिसणार. चांदणी चौकात किंवा सायन सर्कलला संध्याकाळी दोन गाड्यांत अडीच मीटर अंतर कोणी ठेवतं का? तेवढ्या जागेत रिक्षा शिरते. हाच दिवा ९० सेंटिमीटरवर असता तर पाऊण मीटर जागा पुरली असती. पावसाळ्यात आणखी एक भर: मागच्या चाकांचा चिखल सगळ्यात आधी खालच्या दिव्यावर बसतो. जुना २१ वॉटचा बल्ब निदान भिंग गरम करून थोडं कोरडं ठेवायचा, एलईडी तेवढंही करत नाही.

दिवे एकमेकांना किती चिकटले आहेत, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. तेजस्वी ब्रेक लाइटच्या कुशीत छोटा अंबर ठेवला तर ब्रेक दाबल्यावर तो गिळला जातो. पुढच्या बाजूला नियमांना ही गोष्ट मान्य आहे. तिथे इंडिकेटर हेडलॅम्पच्या जितका जवळ, तितका तो जास्त तेजस्वी लागतो; अमेरिकेत १०० मिलिमीटरच्या आत असेल तर अडीच पटींपर्यंत. मागे असा गुणक नाही, सगळं डिझायनरच्या विवेकावर. चाचणीच्या अंधाऱ्या खोलीत आकडे पास होतात, आणि तोच दिवा भर उन्हात ब्रेक दाबून बघितला की इंडिकेटर शोधावा लागतो. मावळतीचं ऊन थेट मागच्या दिव्यात शिरलं तर विचारूच नका: चकचकीत रिफ्लेक्टर न पेटताच पेटल्यासारखा दिसतो. म्हणून मी नेहमी संध्याकाळी, पश्चिमेकडे पाठ करून उभ्या केलेल्या गाडीत दिवा बघायचा आग्रह धरते.

आकाराची गंमतही एक सांगून टाकते. आधीच्या पिढीतल्या मिनी कंट्रीमन गाडीच्या मागच्या दिव्यात ब्रिटिश झेंड्याच्या रेषा आहेत. झेंडा दोन दिव्यांत अर्धा-अर्धा विभागल्यावर डावीकडच्या रेषा उजवीकडे रोखलेल्या बाणासारख्या दिसतात, आणि नेमका तोच भाग डावीकडे वळताना लुकलुकतो.

पळत्या इंडिकेटरबद्दल, म्हणजे आतून बाहेर सरकत जाणाऱ्या, मला काही वावगं वाटत नाही. नवाही नाही तो: फोर्ड थंडरबर्डला १९६५ मध्ये होता, आत छोटी मोटर फिरून एकेक बल्ब जोडायची. आताच्या नियमात पूर्ण पट्टी २०० मिलिसेकंदांच्या आत पेटली पाहिजे, त्यामुळे उशीर होत नाही आणि दिशा उलट लवकर कळते. एलईडीचा खरा फायदा ब्रेक लाइटला आहे. फिलामेंट पूर्ण तापायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतं, एलईडी लगेच पेटते. ताशी १०० ला तेवढ्यात साडेपाच मीटर जातात.

आपल्याकडे अंबर सक्तीचा असूनही निरोपाची सरमिसळ होतेच, फक्त ती दिव्यात नसून वापरात आहे. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो उजवीकडे वळतोय की ‘जा पुढे’ म्हणतोय, हे घाटात तुमच्या नशिबावर असतं. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावणारे, पाऊस आला की बोगद्यापासून घरापर्यंत ते चालू ठेवणारे, यांना एवढंच सांगायचंय की त्या वेळात तुमची गाडी कुठे वळतेय हे सांगायला तिच्याकडे काहीच उरत नाही. आणि उसाच्या ट्रॉलीबद्दल रंगाची चर्चा करायची वेळच येत नाही. ती ‘मी इथे आहे’ एवढंही सांगत नाही. तिथे मागे लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावली तरी खूप झालं.

आता तुमचा अमेरिकी सेट. नका लावू. लाल इंडिकेटर नियम १०२ मध्ये बसत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत असा बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला आयतं कारण मिळेल. ‘आत अंबर बल्ब टाकू, मग तर झालं’ असं पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात कोणी सुचवेलही. लाल भिंग अंबरमधला लाल तेवढाच बाहेर सोडतं, बाकी उजेड खाऊन टाकतं. मिळेल तो मिणमिणता लाल.

मूळ दिव्यातच साध्या बल्बऐवजी एलईडी टाकायचा विचार असेल, तर तेही मंजूर बनावटीबाहेरच जातं, पण लोक करतातच म्हणून लिहिते. पांढऱ्या भिंगामागच्या अंबर बल्बच्या दोन पिना समोरासमोर नसतात, १५० अंशांवर असतात. पांढरा बल्ब तिथे बसूच नये म्हणून मुद्दाम तसं केलंय. पीन घासून पांढरी एलईडी बसवू नका. एलईडी फार कमी करंट ओढते, त्यामुळे गाडीला वाटतं बल्ब गेलाय आणि इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागतो. त्यावर दुकानदार ६ ओहमचा रेझिस्टर जोडून देतो. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्टवर तो पेटलेल्या क्षणी ३० वॉट जाळतो, म्हणजे जुन्या बल्बपेक्षाही जास्त, आणि चारही इंडिकेटर लावून तासभर उभे राहिलात तर हात लावता येणार नाही इतका तापतो. तो प्लॅस्टिकच्या हाउसिंगला किंवा वायरिंगला टेकवून बांधलेला मी पाहिलाय; बांधायचाच तर उघड्या पत्र्यावर, स्क्रूने. जुन्या गाडीत फ्लॅशर वेगळा निघत असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका, रेझिस्टर लागतच नाही. नव्या गाडीत ते काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल करतं, तिथे मात्र २१ वॉटचा अंबर बल्बच परत घाला.